कारंज्यासमोरच्या अकरा जणी

टेंभरी (ता. सावनेर),
फेब्रुवारी १९७७

रा. रा. मनोहरराव यांस चंपतचा मनापासून नमस्कार. (विनंतीही आहे, पण ती शेवटी सांगतो. आधी सांगितली तर तुम्ही पत्र पुढे वाचणार नाही.)

इकडे सर्व ठीक. तुमची बहीण आणि आमची कारभारीण वच्छला खुशाल आहे. गुडघा तेवढा दुखतो, पण तो दुखतो हे सांगायला ती गावभर चालत फिरते, तेव्हा काळजी नसावी. धंतोलीत तुमचा फोटोचा धंदा बरा चालत असेल. शेजारी एवढे दवाखाने आहेत, म्हणजे बरा झालेला माणूस एकदा तरी तुमच्याकडे डोकावतच असणार.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे येऊन आमच्या महिला मंडळाच्या अकरा जणींचे फोटो काढले होते. त्या फोटोंनी काय केलं ते आता ऐका. नागपूरच्या एका संस्थेने (मदत परदेशी लोकांची, कागद मात्र आपल्याकडचे) आम्हाला बकऱ्या द्यायचं ठरवलं होतं. बोली सरळ होती. पहिल्या अकरा घरी एकेक बकरी. तिला झालेली पहिली पाठ, म्हणजे मादी पिल्लू, त्या बाईने पुढच्या घरी द्यायची आणि तिच्या जोडीला संस्थेने एक बकरी द्यायची. फुकट कोणी घ्यायचं नाही आणि एकट्याने कोणी द्यायचं नाही. मला हे फार आवडलं. परदेशी मंडळींना दाखवायला प्रत्येकीचा एक फोटो मदतीआधीचा आणि एक नंतरचा हवा होता. मंडळाचे कागद मी लिहितो (सातवी पास आणि अक्षर बरं, एवढीच पात्रता), म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि मी ते तुमच्याकडे ढकललं.

आता फोटो म्हटल्यावर बाया घरच्या कपड्यात कशा उभ्या राहतील? देवळात जाताना आपण धुतलेलं धोतर नेसतो, ते काही देवाला फसवायला नव्हे. तसंच हे. पण चांगलं लुगडं त्या सगळ्यांत मिळून एकच निघालं, तेही वच्छलाचं, मोराच्या काठाचं. त्यात तुम्ही एस.टी.च्या टपावर टाकून तुमचा तो रंगवलेला पडदा आणलात. संगमरवरी जिना, दोन हंस आणि मधोमध कारंजं. (गावात तेव्हा विहीर एक, ती चैत्रात तळ दाखवायची.) पडद्याचं एक टोक कडुलिंबाला बांधलं, दुसरं पंचफुलाबाईने धरलं. तिचा नंबर पुढच्या खेपेत होता, म्हणून तिचा फोटो नव्हता.

नंतरचे फोटो काढायला मात्र संस्थेचा माणूस न कळवता आला, सकाळी आठला. बाया गोठे झाडत होत्या. लुगडी वर खोचलेली, डोक्यावर लेंड्यांची टोपली, शोभाताईच्या पदराचं टोक बकरीच्या तोंडात. दोन्ही फोटो शेजारी ठेवून परदेशी मंडळींनी जे दिसलं ते खरं मानलं. अकरा श्रीमंत बायका कारंज्यासमोर सुखात होत्या, आपण बकऱ्या दिल्या आणि त्या बिचाऱ्या रस्त्यावर आल्या. त्यांनी पुढची खेप थांबवली आणि खुलासा मागितला.

मी पोट धरून हसलो. मग पंचफुलाबाईच्या अंगणात गेलो आणि हसू राहिलं बाजूला. विधवा बाई, दोन मुली, दुसऱ्यांच्या शेतात मजुरी. तिने अंगणात दोन खुंटे ठोकून ठेवले आहेत. एकाला शोभाताईने दिलेली पाठ होती, दुसरा वर्षभर रिकामा. दोन जनावरं झाली की थोरलीला शाळेतून काढावं लागणार नाही, असं तिने धरून ठेवलं होतं. संध्याकाळी मारुतीपुढे दिवा लावताना मी विचारलं, की ही लबाडी माझी धरायची का. 

गेल्या मंगळवारी संस्थेच्या प्रेमलताबाई खुलासा घ्यायला आल्या. बाई सज्जन, पण फाइल जाड. मी चार पानी निवेदन लिहिलं होतं. (त्यात ‘परंपरा’ हा शब्द सहा वेळा होता.) पहिलं पान संपायच्या आत पंचफुलाबाई उठली, त्यांच्या हातातले फोटो घेतले आणि ओट्यावर ओळीने मांडले.

“बाई, लुगडं पाहा,” ती म्हणाली. “बाया अकरा, लुगडं एकच हाय. हे भोक पाहा, अकराही फोटोत हाय. चंपतभाऊच्या निरांजनानं पडलं होतं.” (तुळशीच्या लग्नातली गोष्ट. वच्छला ती विसरत आली होती.) मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “आन् हे चार बोटं माहे. मी मांगं होती. अजून मांगंच आहो.”

प्रेमलताबाईंनी अकराही फोटो एकेक करून उचलून पाहिले. मग चष्मा पुसून त्यांनी लिहायला घेतलं. तेवढ्यात आमच्या अध्यक्ष जिजाबाई म्हणाल्या, “लिहूनच राहिल्या वं बाई, त हेबी लिहा. बकऱ्या दिवाळीले देतो म्हणे, आन् होळीले आणल्या. आमचा आधीचा-नंतरचा फोटो काढता, तुमचा कोन काढन?” मी जिजाबाईंना खुणेने बसायला सांगितलं. पण बाईंनी तेही लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि खाली सही केली. पुढच्या सोमवारी बकऱ्या येणार आहेत. माझं निवेदन तसंच राहिलं, ते मी देवघरात ठेवलं आहे.

घरी सर्वांना आशीर्वाद.

आपला,
चंपत

ता. क. – विनंती अशी, की पुढच्या अकरा जणींचे मदतीआधीचे फोटो काढायला रविवारी यावं. पडदा आणू नये. बाया जशा आहेत तशाच काढायच्या, असं मी ठरवलं आहे.

ता. क. २ – वरची ओळ मंडळात वाचून दाखवली. पडदा आणावा. हंसांचाच.

ता. क. ३ – पंचफुलाबाईला नेसायला पहिल्या अकरा घरांतून अकरा लुगडी आली आहेत. एक नेसलं तर दहा जणी रुसतील, म्हणून ती प्रत्येक नेसून एकेक फोटो काढणार म्हणते. परदेशी मंडळींना काय कळवायचं ते प्रेमलताबाई पाहतील. तुम्ही फिल्मचे रोल जास्त आणा. पडदा या खेपेला मी धरीन.