अंबाड्यातली पेन्सिल

३ फेब्रुवारी

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

खोकं मिळालं असेल. आत खेळाचं यंत्र आहे, घाबरू नका. शेजारच्या वायरमनना सांगा, ते टीव्हीला जोडून देतील. 'बारा पूल' आठवतो का? मी सुट्टीत यायचे तेव्हा काकू हातातली प्रुफं संपवायची आणि मग आम्ही दोघी पूल ओलांडत बसायचो. तुम्ही मागून जाताना म्हणायचात की या नकाशाला प्रमाण नाही आणि उत्तर दिशाही नाही. तोच खेळ आमच्या कंपनीने पंचवीस वर्षांनी नव्याने रंगवून काढलाय. चित्रं नवी, गोष्ट तीच.

चाहते मात्र खवळलेत. गवत जास्त हिरवं झालं म्हणून आम्ही एकाचं बालपण पायदळी तुडवलंय. दुसऱ्याला पाणी फार ओलं वाटतं. ऑफिसात भिंतीवर एक पडदा आहे, त्यावर तक्रारींचा आकडा वाढत असतो. आम्ही चहा पीत तो बघतो.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. सहाव्या पुलाजवळ दोर विकणारी दुकानदारीण आहे. जुन्या खेळात ती म्हणजे नुसते अकरा चौकोन होते. नवी काढायचं काम माझ्याकडे आलं, ते नेमकं काकू गेली त्याच महिन्यात. मी काकूच काढली. अंबाड्यात पेन्सिलसुद्धा आहे. रागावणार असाल तर सावकाश रागवा.

चाहत्यांची लिहायची जागा कशी उघडायची ते मागच्या पानावर लिहिलंय. जेवणाआधी वाचू नका.

तुमच्या आशीर्वादाची सध्या जास्तच गरज असलेली,
मुंगी


१४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

यंत्र पोचले. वायरमनने जोडून दिले आणि हे लहान मुलांचे असते असे जाताना दोनदा सांगितले. मला ते माहीत असल्याचे मीही दोनदा सांगितले. पहिल्या पुलावरून सतरा वेळा पाण्यात पडलो. सहाव्यापर्यंत पोचायला पाच दिवस लागले.

तुझी काकू पाहिली. चेहरा बरोबर आहे, पेन्सिल चुकली आहे. ती डावखुरी होती. पेन्सिल डावीकडून आत जाई आणि टोक उजव्या कानामागे निघे. तू उजवीकडून खोचली आहेस. रागावलो नाही, फक्त नजरेस आणून देतो.

चाहत्यांचे लिखाण वाचले. मंडळी अभ्यासू दिसतात आणि बहुतेकांना वेळ भरपूर आहे. एक जण म्हणतो की जुन्या दुकानदारणीच्या डोळ्यांत अथांग दुःख होते, ते नव्या बाईत नाही. तिथे जुने चित्र लावले आहे. मी भिंगातून अकराही चौकोन तपासले. त्यांत डोळे नाहीत. दुसऱ्याने तुझ्या काकूला 'कारकूनबाई' असे नाव ठेवले आहे. तिसऱ्याला तिला पाहिल्यापासून दोन दिवस अन्न गेले नाही. त्याच्या खाली चाळीस जणांनी त्याला धीर दिला आहे आणि एकाने रात्रीअपरात्री कधीही फोन कर असे लिहिले आहे. ती गेली तेव्हा मला आलेली सगळी पत्रे एकत्र केली तरी एवढा जिव्हाळा भरणार नाही. तुझ्या थोरल्या आत्याच्या पत्रात तर निम्मी जागा तिच्या गुडघ्यांना गेली होती.

बाकी ठीक. सुपारीएवढे कारण काढून भांडणाऱ्या लोकांसाठी डोळे बिघडवून घेऊ नकोस.

तुझा काका


२० फेब्रुवारी

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पेन्सिलीचं वाचून जीभ चावली. पण डावी-उजवी करायची वेळच येईलसं दिसत नाही. कारकूनबाईला हटवा, असा अर्ज चाहत्यांनी फिरवलाय आणि त्यावर आठ हजार सह्या झाल्यात. ज्याला अन्न जात नव्हतं त्यानेच तो लिहिलाय. भूक परतली असावी.

आमच्या साहेबांना आम्ही 'मधला मार्ग' म्हणतो. त्यांनी आधी सुचवलं की चेहरा बदलू आणि पेन्सिल ठेवू. मग सुचवलं की चेहरा ठेवू आणि पेन्सिल अर्धी करू. महिनाअखेर निर्णय आहे. ती माझी काकू आहे हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. घरचं माणूस कामात घुसवलं म्हणून त्याच दिवशी काढली असती. मला एवढंच हवंय हो, की ती तिथे असावी. कुठेतरी असावी.

तुमची लाडकी (दुसरी कुणी नाही, म्हणून),
मुंगी


२८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे, ती कळवतो.

सोमवारी एका चाहत्याने लिहिले की अंबाड्यात पेन्सिल खोचणारी बाई जगात नसते आणि हे चित्र आयुष्यात बाई न पाहिलेल्या माणसाने काढले आहे. चुकीची माहिती तशीच राहू देणे मला जमत नाही. मी त्या जागी रीतसर खुलासा दिला. वर तारीख, त्याखाली 'विषय: अंबाड्यातील पेन्सिलीबाबत', त्याखाली 'महोदय'. माझ्या पत्नीने छापखान्यात तेहेतीस वर्षे प्रुफे तपासली आणि तेवढी वर्षे पेन्सिल अंबाड्यात ठेवली, कारण टेबलावर ठेवली की कंपोझिटर उचलून नेत. ती कोणत्या तारखेला वारली तेही लिहिले. शब्दांनी समजेल याची खात्री नव्हती म्हणून अंबाड्याचे आरेखन जोडले: समोरून, बाजूने आणि वरून. प्रमाण एकास दोन, पेन्सिलीचा कोन पस्तीस अंश. जन्मभर नकाशेच काढले, त्यामुळे हात बसलेला आहे.

चूक अशी झाली की चित्रकार माझी पुतणी आहे, हेही लिहून गेलो. अर्जात संबंध नमूद करण्याची सवय. तुला त्रास झाला तर माझे नाव सांग.

तुझा काका


८ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

साहेबांनी बोलावलं तेव्हा मी टेबल आवरून गेले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. तुमचा खुलासा तोवर दोन लाख लोकांनी वाचला होता.

आता सगळे रडतायत. सह्यांचा अर्ज फिरवणाऱ्यानेच दुसरा अर्ज काढलाय, की कारकूनबाईच्या केसालाही धक्का लागता कामा नये. सह्या पन्नास हजार. तुमचं आरेखन एकाने दंडावर गोंदवून घेतलंय, 'प्रमाण १:२' सकट. त्याचा दंड मोजून ते प्रमाण चूक असल्याचं दुसऱ्याने सिद्ध केलंय. पेन्सिल डावीकडे घ्यायला मला तीन दिवसांत परवानगी मिळाली.

पण कंपनीला आता काकूच्या बाहुल्या काढायच्यात, कपांवर तिचा चेहरा छापायचाय. शिवाय ती खेळात नुसताच दोर देते, ते त्यांना कमी वाटतं. एका नटीच्या गोड आवाजात तिने येणाऱ्याजाणाऱ्याला, बाळा, चुका होतातच, असं म्हणावं अशी सूचना आहे. सोबत संमतीचा कागद पाठवलाय. तुमची सही झाली तर हे सगळं होईल. नाही झाली, तर वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे चेहराच काढून टाकावा लागेल. मधला मार्ग या वेळी नाही, मी विचारून पाहिलं. तुम्ही ठरवाल ते.

तुमची,
मुंगी


१७ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुला एक सांगितले नव्हते. मी रोज सकाळी दाढी झाली की सहाव्या पुलाशी जातो आणि एक दोर घेतो. माझ्यापाशी सध्या एकतीस दोर आहेत आणि कशाला लागतात ते अजून कळलेले नाही. ती काही बोलत नाही. प्रुफे संपेपर्यंत ती तशीही बोलत नसे.

तिचा आवाज गोड नव्हता, चढा होता. छापखान्याच्या आवाजात बोलून तसा झाला होता. आणि चुका होतातच, असे ती मेली तरी म्हणाली नसती. एका चुकलेल्या ओळीसाठी तिने मालकाला तीनशे प्रती फाडायला लावल्या होत्या.

ते शिव्या देत होते तेव्हा मला फारसे लागले नाही. ते तिला ओळखत नव्हते. आता ओळखतो म्हणतात. काल एकाने तिला 'आपल्या सर्वांची काकू' म्हटले आणि तिच्या आठवणी लिहिल्या. तिला सख्खे पुतणे तीन. शेवटच्या आठवड्यात उशाशी बसायला तू एकटी आलीस. पन्नास हजार पुतणे नंतर मिळाले तर त्यांना कुठे बसवायचे?

आज त्यांना ती आवडते. पुढच्या महिन्यात नावडेल, मग पुन्हा सह्या होतील. ती कुठल्या निवडणुकीला उभी नव्हती. कागद कोरा परत पाठवतो आहे. तिला काढून टाक. हे काम तुझ्याच हातून व्हावे. दुसऱ्या कुणी केले तर मला चालणार नाही.

तुझा काका


२८ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

काढली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काढली, खोलीत कुणी नव्हतं तेव्हा. आधी पेन्सिल, मग बाकीची. जागेवर एक तरुण मुलगी उभी केलीय, तिला कुणाचाच चेहरा नाही. नवी आवृत्ती एक तारखेला सगळ्यांकडे जाईल.

बातमी फुटल्यावर चाहत्यांनी एक दिवस मौन पाळायचं ठरवलं आणि त्या मौनाबद्दल दिवसभर लिहिलं. मी वाचलं नाही. पडद्याकडे पाठ करून चहा घेतला.

तुमचं बरोबर होतं. तरी वाईट वाटतंच आहे, ते वाटू द्या.

तुमची,
मुंगी


४ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळाले. काम नीट केलेस. वाईट वाटण्याला माझी हरकत नाही.

एक तारखेला सकाळी यंत्र सुरू केले तेव्हा पडद्यावर सूचना आली, की नवी आवृत्ती तयार आहे. खाली दोन बटणे होती, 'आता' आणि 'नंतर'. कचेरीत छत्तीस वर्षे आलेली प्रत्येक सूचना मी त्याच दिवशी अमलात आणली, हे तुला माहीत आहे. तू पेन्सिल डावीकडे घेतलीस तेव्हाही 'आता' दाबायला मला क्षण लागला नव्हता.

मी 'नंतर' दाबले. दुसऱ्या दिवशी यंत्राने पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच दाबले. आजही दाबले. वायरमनच्या मते असे फार दिवस टाळता येत नाही. किती दिवस, ते त्याला सांगता आले नाही, म्हणून त्याचे म्हणणे मी विचारात घेतलेले नाही.

कंपनीत कुणाला कळवायची गरज नाही.

लोभ आहे तसाच राहू दे. त्यात सुधारणा नको.

तुझा काका