बाबांच्या अँबॅसडरला इंजेक्शनचं इंजिन

१४ सप्टें., रवि.
इंजिन बसलं. तिसऱ्या खेपेला. फॅब्रिकेशनवाल्याने माउंटिंग दोन सूत बाजूला वेल्ड केलं होतं, मी कागदावर माप काढून दिलेलं असताना. "एवढ्यानं काय होते भाऊ?" पंखा रेडिएटरला घासते, हे होते. कापायला लावलं. समोर उभा राहून.
बाबा अंगणात खुर्ची टाकून. जुनं इंजिन पोत्यावर काढून ठेवलंय, त्याच्याकडेच बघत होते.

१६ सप्टें.
ऑफिसात चहाला परत तेच. आयटीआयचा उंबरठा न चढलेला माणूस कंप्युटरवालं इंजिन जुन्या गाडीत बसवणार म्हणे, आणि हसणं. यांच्यातल्या एकालाही स्वतःच्या स्कूटरचा प्लग काढता येत नाही.
दसऱ्याला बाबांना याच गाडीत बसवून रोहण्याला सोनं वाटायला नेणार. बस्स. गाडी बंद पडल्यापासून ते गावी गेले नाहीत. भाड्याची चालत नाही. "दुसऱ्याच्या गाडीत सोनं वाटाले जात असते का कोणी?"

२१ सप्टें., रवि.
चालू झालं! अर्ध्या चावीत. कार्बोरेटरचा जमाना संपला. टाकीत पंप, डॅशखाली कंप्युटर, वायरिंगचं एकेक टोक मी जोडलेलं. आवाज इतका कमी की सौ. विचारते, चालू आहे का?
बाबांना हाताला धरून आणलं. ऐकलं. "हे माही गाडी नाई." आणि चहा मागितला.
दोन वर्षांचे रविवार घालवले मी, आणि हा माणूस…
चोक आता लागत नाही, पण त्याचा खटका तेवढा जागेवर ठेवलाय, त्यांच्याचसाठी. मागे काहीच जोडलेलं नाही. सांगितलंही नाही. राहू दे.

२७ सप्टें., शनि.
बॉनेटखाली रंग. सगळं सोडलं, घासलं, तीन हात मारले, परत आवळलं. इंजिनची अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बोल्टने बसते, तिथेसुद्धा गंजाचा ठिपका ठेवला नाही. असं काम वर्ध्यात कोणी करून दाखवावं.
वाळू दे. चावी मंगळवारी.

३० सप्टें., मंगळ.
ऑफिसातून आलो तर बॉनेट उघडं आणि आत पाण्याची धार. दिलीप. धाकटा भाऊ, जामच्या चौफुलीवरचा धाबा सोडून खास आलेला. उद्या खांडेनवमी, पूजेआधी गाडी धुवायची.
"दरसाल मीच धुतो ना दादा. पह्यले बी अशीच धुवायचो."
पह्यले आत कंप्युटर नव्हता. चावी फिरवली. टक्. दिवे मंद. परत टक्.
बोललो. त्याचं आठवीत शाळा सोडणं काढलं, धाबा काढला. लहान भाऊ म्हणून सांभाळून घेतलं तेही काढलं. बाबांसमोर. त्याने नळ बंद केला, पाइप गुंडाळला, गेला. सौ.ने पान वाढलेलं तसंच.

१ ऑक्टो., बुध.
रजा. प्रत्येक सॉकेट उघडून सौ.च्या हेअर ड्रायरने वाळवलं. वाळवायला काही नव्हतंच, सगळी कोरडी. तरी टक्.
पूजेत पाने-पक्कड, मल्टिमीटर मांडले. गाडीला हळदकुंकू सौ.ने लावलं. बाबा : "दिलीप काऊन नाई आला? गाडीची पूजा त्याच्या हातची असते." मी पाना पुसत राहिलो.
दुपारी जंपरची केबल बॅटरीपासून थेट इंजिनला लावली. लगेच चालू. पट्टीचा बोल्ट काढला. खाली माझा रंग. चकचकीत. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं, करंट जाणार कुठून.
पाण्याचा काही संबंध नाही.
चाकूने खरवडला. आता राग तरी कोणावर…
घरात बोललो नाही.

२ ऑक्टो., दसरा.
पहिल्या चावीत चालू. बाबा टोपी घालून पुढच्या सीटवर, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. बसल्याबसल्या चोक ओढला, थोडं थांबले, आत दाबला. "आता बरोबर आवाज येऊन राह्यला."
गिअर टाकणार तर, "थांब. दिलीपले बोलाव."
"बाबा, उशीर होते."
"पाण्यानंच बंद पडलती ना गाडी?" सरळ माझ्याकडे बघून.
मी आरसा सरळ केला.
"मंग तो येईलोग बसतो मी."
सौ.ने फोन लावला. तिचा उचलला त्याने. मला निरोप : "गाडीले काय झालतं ते दादानं सोता सांगावं. मंग पाहू."
कोणी सांगितलं याला? कोणीच नाही. तरी अट घालतो. मला.
आत येऊन हे लिहितोय. गाडी अंगणात चालू आहे, बाबा उतरत नाहीत. माफीबिफी काही नाही. रंगाचं तेवढं सांगायचं, एक वाक्य. लावलाय फोन. रिंग जाते आहे