सर्व्हरच्या कार्डाचा सैल स्क्रू

दादा,

घरच्या सर्व्हरमधलं डिस्क जोडणारं कार्ड बिघडलंय, असं तू म्हणतोस. मी केबल बदलली, स्लॉट बदलला, शेवटी ते माझ्या कॉम्प्युटरला लावून आठवडाभर चालवलं. डिस्क एकदाही गायब झाली नाही. परत सर्व्हरमध्ये बसवलं, तर डिस्कवरची बाबांची रेकॉर्डिंग ऐकायला आई बसली की डिस्क नेमकी गायब! काल मी घट्ट आवळलेला कार्डाचा स्क्रू आज सैल आहे. तो काय आपोआप फिरला?

बाबा गेल्यापासून आई त्यांचा आवाज ऐकून रडते, ते तुला बघवत नाही, हे कळतं रे. पण सकाळी तिने मला विचारलं, "त्यांचं सगळं पुसलं गेलं का गं?"

मी संध्याकाळी घरी येईपर्यंत कार्ड नीट बसव, आणि तिला खरं काय ते तूच सांग.

— छोटी