विनायक लूप, गंभीर तलावाच्या काठाने

२२ एप्रिल, मंगळवार
सायकल आली. रोड बाइक. टायर बोटाएवढे बारीक. रजनीने विचारलं की कॅरिअर कुठंय, सब्जी कशात आणायची. जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला मोकळा रस्ता म्हणजे काय, हे बायकोला कळणं कठीण.

संकल्प: रोज पहाटे पाच. कचोरी बंद. टावर चौकाकडे मान वळवायची नाही.

संध्याकाळी सुधाकरबरोबर पटनी बाजारात गेलो. सुधाकर म्हणजे रजनीचा मोठा भाऊ, वजन नव्वद, शुगर. दर वैशाखात पंचक्रोशी यात्रेला पायी जातो. निघण्याआधी तिथल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून देवाकडून बळ घ्यायचं आणि यात्रा पुरी झाली की मातीचे घोडे वाहून ते परत करायचं, अशी पद्धत. मीही एक नारळ वाहिला आणि सायकलसाठी बळ घेतलं. सुधाकर म्हणाला की घेतलेलं वापस करावं लागतं हां, विनायकराव. म्हटलं, बँकवाल्याला शिकवू नका.

२३ एप्रिल
पाचचा गजर झाला. उन्हाळ्यात एकदम सुरुवात केली तर हृदयावर ताण येतो. उद्यापासून.

२७ एप्रिल, रविवार
पहिली राइड! फ्रीगंजच्या पुलाचा चढ अर्धा सायकलवर, अर्धा पायी. नवी सायकल, चेनवर लगेच जोर टाकू नये. पुलावर समोरून सुधाकर आला. यात्रा करून परतत होता. अनवाणी, डोक्यावर गाठोडं, पायांना फोड. माझं तोंड पाहून त्याने विचारलं की सायकल मी धरू का. लोकांना कुठे काय बोलावं कळत नाही.

नंतर टावर चौक. दोन कचोऱ्या. राइडनंतर शरीराला कार्बोहायड्रेट लागतं.

४ मे, रविवार
आजची तारीख लक्षात ठेवायची. मानसीचा फोन आला आणि ती माझ्याशी बोलली.

एरवी पुण्याहून तिचा फोन येतो तो रजनीला. चुकून मी उचलला की 'बाबा, आईला द्या.' बस, एवढंच. आज मी देता देता म्हणालो की मी सायकल घेतली. ती एकदम थांबली. मग बोलतच सुटली. तीही चालवते म्हणे, दर रविवारी, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. मला माहीतच नव्हतं. विचारलं की बाबा, तुम्ही कुठे जाता. तोंडून निघालं, गंभीर धरणाकडे. तलावाच्या काठाकाठाने, टेकड्यांमधून, चाळीस किलोमीटर. ती म्हणाली, 'बाबा! खरंच?' मी म्हणालो, खरंच.

रजनी फोनसाठी हात पुढे करून उभी होती. बराच वेळ.

मानसीला रूट हवाय, ॲपवर टाका म्हणाली. आता रूट करायला हवा.

११ मे, रविवार
रूट केला. रजनीची स्कूटर घेऊन गेलो. आधी पाहणी, मग सायकल, हीच शिस्तीची पद्धत. ॲप चालूच होतं, सायकल काय, स्कूटर काय, ते वेगळं मोजत नाही.

काय सुंदर रस्ता! धरणाच्या पुढे एक मातीची वाट खाली उतरते आणि थेट पलीकडच्या टेकडीला लागते. मधे सगळं सपाट, मोकळं. तलाव बिचारा लांब कोपऱ्यात. वाटेत ककड्यांचे वाफे होते, एक ककडी खाल्ली. शेतात एक लाकडी नाव उलटी पडलेली. हे लोक काहीही कुठेही टाकतात. थोडं पुढे आकडे रंगवलेला एक उंच खांब. किलोमीटरचा असणार, पण आकडे खालून वर लिहिलेत. सरकारी काम.

टेकडीच्या चढाला तिथे नाव नाही. मी दिलं: विनायक घाट. मालव्यात चढ नाहीत म्हणणारे घराबाहेर पडलेले नाहीत.

ॲपवर लिहिलं: 'विनायक लूप. डावीकडे निळं पाणी, उजवीकडे हिरव्या टेकड्या, मधे आपण.' टेकड्या सध्या पिवळ्या आहेत, पण होतील हिरव्या.

१२ मे
मानसीचा फोन. मला. चढावर ताशी चोवीसचा स्पीड बघून चकित झाली. म्हटलं, वारा मागून होता. नंतर रजनीने विचारलं की स्कूटरचं पेट्रोल हल्ली सायकल पिते का. मत्सर.

१५ जून, रविवार
सायकल गॅलरीत. रजनीने हँडलवर टॉवेल वाळत घातले. काढायला लावले. परत घातले.

ॲपमध्ये एक सोय सापडली. जुनी राइड नव्या तारखेने हाताने भरता येते. तसं केलं. यात खोटं काही नाही. मी ती राइड नक्की करणार आहे, नोंद तेवढी आधी झाली.

मानसीने लिहिलं, 'प्राउड ऑफ यू बाबा.' चार वेळा वाचलं. शाळेच्या गॅदरिंगला ती नाचली तेव्हा मी बँकेत क्लोजिंगला होतो. पुढच्या वर्षीही. तिने कधी तो विषय काढला नाही, मीही काढत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
धो धो पाऊस. राइड भरली. स्पीड थोडा कमी टाकला, पावसात जास्त बरा दिसत नाही.

सुधाकर जेवायला आला होता. त्यानेही सायकल घेतली, म्हणजे जुनी, कॅरिअरवाली, घंटीवाली! नव्वद किलो त्या सीटवर! मी ताटावर हसत होतो, रजनी हसली नाही. तो म्हणाला की विनायकराव, गंभीर भरलं, गेट खोलले, तिकडे सगळीकडे पाणीच पाणी आहे, तुमचा वो रस्ता देखून घ्या एकदा. म्हटलं, धरणात पाणी असणारच, सुधाकर. त्यासाठीच धरण बांधतात. त्याने तिसरी पुरणपोळी घेतली. शुगर!

१२ ऑक्टोबर
मानसी दिवाळीला येतेय. सोबत हर्षल नावाचा मुलगा, तिच्या सायकल ग्रुपमधला. दोघांच्या सायकली ट्रेनने येणार. तिला माझ्याबरोबर विनायक लूप करायचा आहे. म्हणाली की घाटाच्या टोकावर तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, सगळ्यांत आधी तुम्हाला, आईला नंतर.

मला आधी!

उद्यापासून रोज पाच. आता चालढकल नाही.

१९ ऑक्टोबर
फराळाचं घरात चालू असताना डाएट करणं रजनीच्या मेहनतीचा अपमान ठरला असता.

२५ ऑक्टोबर, शनिवार
उद्या राइड. हर्षल बरा आहे. पिंढऱ्या दगडासारख्या. त्याने विनायक घाटाचा ग्रेडियंट विचारला. म्हटलं, आकड्यांत अडकू नये, घाट अनुभवावा. मानसी हसली आणि त्याला म्हणाली की बघ, सांगितलं होतं ना, बाबा असेच आहेत.

सुधाकरही येतो म्हणतोय. येऊ दे. मागे कुणीतरी लागतंच.

२६ ऑक्टोबर, रविवार. रात्री
जे झालं ते क्रमाने लिहितो. माझी चूक कुठे, ते शोधतोय.

शहराबाहेर पडेपर्यंत मी पुढे होतो. मग पोटरीत गोळा आला. पुलावरही येतो, घराण्याचा आहे. मी मोठेपणाने सांगितलं की तुम्ही जा, रूट ॲपवर आहे, मी मागून गाठतो. मानसीला थांबायचं होतं. मी थांबू दिलं नाही. हे नोंदवून ठेवतो.

रस्त्याकडेला पडलो. थोड्या वेळाने रजनी स्कूटरवर पोह्यांचा डबा घेऊन आली. ती सीटवर पुढे सरकली. मी मागे बसलो. हेल्मेट काढायचं राहिलं.

धरणापुढे मातीची वाट उतरते, तिथे तिघं उभी होती. वाट पाण्यात जात होती. पाणी पार पलीकडच्या टेकडीपर्यंत. खांबाचे वरचे दोनच आकडे दिसत होते. नाव सरळ होती आणि तीत बसून कुणी जाळं ओढत होता. सुधाकर कॅरिअरच्या सायकलवर एक पाय टेकून उभा, घाम नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ते बघण्यापेक्षा वाईट.

हर्षल चांगला मुलगा आहे. म्हणाला की काका, जीपीएस कधीकधी चुकतं. मला सुटायला दार उघडून धरलं होतं त्याने. मी म्हणालो की नाही, माझं जीपीएस बरोबर आहे.

मग मानसीने विचारलं की बाबा, इथून तुम्ही दर रविवारी जात होता?
हो म्हणालो.
ऑगस्टमध्येही?

समोर मैलभर पाणी. जाळ्यात मासे फडफडत होते. मी म्हणालो, हो, ऑगस्टमध्येही.

तिने फोन काढला, काहीतरी दाबलं आणि खिशात ठेवला. आता ॲप उघडून पाहिलं. मला तिच्या राइड्स दिसत नाहीत. नेटवर्क असेल.

पोहे कुणी खाल्ले नाहीत. मी खाल्ले.

२८ ऑक्टोबर
ती दोघं गेली. स्टेशनवर मानसी वाकून पाया पडली, आधी रजनीच्या, मग मामाच्या, मग माझ्या. पद्धतशीर.

घरी येताना रिक्षात सुधाकरने सांगितलं की मानसी आणि हर्षल फेब्रुवारीत लग्न करतायत. तोवर मला वाटत होतं, घाटावरची ती गोष्ट मला सांगितली नाही म्हणजे अजून कुणालाच सांगितली नसेल. रजनीला रविवारीच माहीत होतं. सुधाकरलाही, त्याच संध्याकाळी. मी विचारलं की मग मला का नाही. सुधाकर म्हणाला की तुम्हाला घाटावर सांगायचं होतं ना तिला, विनायकराव.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो. फार वाईट वाटलं.

२ नोव्हेंबर, रविवार
गॅलरीत सायकलवर दोन चादरी. काढल्या नाहीत.

सकाळी रजनी म्हणाली की देवाचं बळ तेवढं वापस करून या, जसंच्या तसं असेल. पटनी बाजारात गेलो, मातीचा घोडा घेतला. दुकानातल्या बाईने विचारलं, 'यात्रा पूरी हो गई, बाबूजी?' मी म्हणालो, हाँ, हो गई. घोडा देवापुढे ठेवला. वाटेत एक पाय मोडला होता, तो वळवून मागच्या बाजूला केला.

येताना टावर चौक. कचोरी तीन.

संध्याकाळी रजनीचा फोन वाजला. ती स्वयंपाकघरात होती, मी उचलला. मानसी. मी म्हणालो की बेटा, उद्यापासून मी खरंच पाच वाजता...

ती म्हणाली, 'बाबा, आईला द्या.'

दिला.