नंबरप्लेट सायकलवर आणि मी गाडीत

तीर्थस्वरूप भावोजींना धाकट्या मेहुणीचा नमस्कार.

(नमस्कार एका हाताचा आहे, चालवून घ्या. दुसरा हात पर्सवर आहे, पर्समध्ये माझं ड्रायव्हिंग लायसन्स आहे, आणि ते तिथंच आहे ना हे मी सकाळपासून सारखं चाचपून बघते आहे.) तुमची तब्येत कशी आहे? उजवा खांदा आता पूर्ण वर जातो का? भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम तुम्ही रोज करता असं तुम्ही फोनवर सांगता, आणि तुम्ही त्या भिंतीकडे फिरकतही नाही असं ताई सांगते. मला दोघंही सारखेच पूज्य असल्यामुळे मी मधला मार्ग काढला आहे आणि तुम्ही अधूनमधून करता असं धरून चालले आहे. वर्कशॉप जोरात असेलच. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. हे वाक्य सगळे सवयीने लिहितात, मी मात्र विचार करून लिहिते आहे, कारण परवापर्यंत ते मला लिहिता आलं नसतं.

तुम्ही स्वतः येऊन आमच्या गाडीला मागे जो सायकलचा रॅक बसवून दिलात, त्याबद्दल सविस्तर कळवायचं राहून गेलं होतं. रॅक फार सुरेख आहे. इतर लोक बाजारातून हलका, घडी होणारा रॅक आणतात आणि पट्ट्यांनी बांधतात. तुमचं आयुष्य गेट आणि खिडक्यांची ग्रिलं करण्यात गेलेलं, त्यामुळे तुमच्या हातून काहीही झालं तरी गेटच होणार. पहिल्याच दिवशी शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, की याला कुलूप आतून लावता की बाहेरून. मधोमध तुम्ही जी वेल काढली आहे, एक फूल आणि दोन्ही बाजूंना पानं, तिला तर तोडच नाही. फक्त ते फूल नेमकं नंबरप्लेटच्या मधल्या आकड्यांवर आलं आहे आणि पानं उरलेल्या आकड्यांवर. जे काही चुकून दिसत होतं ते सायकलच्या चाकाने झाकलं. चोरांनी रॅक पळवू नये म्हणून तुम्ही बोल्टची डोकी घासून गुळगुळीत करून गेलात, ही दूरदृष्टीही कमालीची. चोराचं राहू द्या, आमच्या गॅरेजवाल्यानेही हात टेकले.

रॅक लागतो तो तुमच्या साडूंसाठी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांना डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. चढ कोणी चढायचा हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि शाळेत भूमिती शिकवणारा माणूस अशी फट बरोबर हेरतो. तेव्हा दर रविवारी मी त्यांना आणि त्यांच्या सायकलला गाडीत घालून टेकडीवर नेते, ते उतारावरून सुसाट खाली येतात, आणि घरी येऊन सोफ्यावर पडून आज फार दमलो असं सांगतात. मी ऐकून घेते. संसारात सगळंच बोलून दाखवता येत नाही.

आता लायसन्सचं. ते मला किती खेटे घालून मिळालं हे घरात सर्वांना माहीत आहे, विशेषतः गाडी मागे घेण्याच्या परीक्षेत मी ज्या कुंडीला लोळवलं ती कुंडी. पण ते मिळाल्यापासून माझं काम बदललं, हे कदाचित तुम्हाला माहीत नसेल. मी घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम घेते, आणि बसच्या भरवशावर असताना गावाच्या पलीकडच्या टोकाची माणसं मला घेताच येत नव्हती. तिकडे एक शिंपीकाका आहेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात मुठीतच राहिला होता. आता त्यांचा अंगठा तर्जनीपर्यंत पोहोचतो, आणि मी गेले की ते आधी सुई मागतात. लायसन्स गेलं असतं तर काकांना मी काय सांगितलं असतं, या विचाराने मला मधले काही दिवस जेवण गेलं नाही.

पहिल्यांदा अडवलं ते बाजाराच्या अलीकडच्या चौकात. तिथं एक वाहतूक पोलीस असतो, सडपातळ, शिट्टी तोंडातून क्वचितच काढणारा. (आम्ही त्याला शिट्टीवालाच म्हणतो. शिट्टीसकट तो कसा बोलतो हे ऐकण्यासारखं आहे.) तो गाडीच्या मागे गेला आणि बराच वेळ परत आला नाही. आरशात बघते तर तो कमरेत वाकून तुमच्या वेलीच्या फटींतून आकडे वाचायचा प्रयत्न करत होता, डोळ्यांच्या डॉक्टरकडे खालची ओळ वाचतात तसा. त्याने मला समज देऊन सोडलं. दुसऱ्यांदा तोच चौक, तोच शिट्टीवाला. मी रॅक निघत नाही म्हणाले, तो म्हणाला लायसन्स मात्र निघतं, आणि पुढच्या वेळी नंबर दिसला नाही तर लायसन्स जमा करून मोठ्या साहेबांपुढे उभं करीन. माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरी आले आणि तुमच्या साडूंना म्हटलं, काहीतरी करा.

त्यांनी केलं. पुढं जे झालं त्याचं मूळ इथंच आहे. त्यांनी कागदावर गाडी, रॅक आणि सायकल काढली, बघणाऱ्या पोलिसाचा डोळा म्हणून एक ठिपका काढला, ठिपक्यापासून रेघा ओढल्या, आणि सिद्ध केलं की सर्वांत मागे सायकल असल्यामुळे प्लेटही सायकलवरच हवी. मला ते पटलं. (तुम्हालाही पटलं असतं, रेघा इतक्या सरळ होत्या.) मग त्यांनी खालून हात घालून गाडीची प्लेट सोडवली आणि सायकलच्या सीटमागे तारेने अशी करकचून आवळली की ती हलणं शक्य नव्हतं. रविवारी निघालो. चौकात शिट्टीवाल्याने प्लेट वाचली आणि मान डोलावली. त्या क्षणी मला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला, की टेकडी चढेपर्यंत मी त्यांना सोफ्यावरच्या थकव्याचे सगळे रविवार माफ करून टाकले.

वर पोहोचल्यावर नेहमीप्रमाणे सायकल उतरवली, हेल्मेट शोधलं, ते सापडल्यावर हातमोजे शोधले. मग तुमचे साडू निघाले. मला गाडी वळवायला वेळ लागतो, शिवाय कुंडीपासून मी मागे बघताना दुसरं काहीच बघत नाही. तेव्हा आमची नंबरप्लेट उतारावरून वाऱ्याच्या वेगाने खाली चालली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या तर पाठीमागेच होती ती, त्यांना कशी दिसणार?

सायकलची वाट टेकडीच्या या बाजूने बाजारात उतरते आणि गाडीचा रस्ता वळसा घालून शिट्टीवाल्याच्या चौकात. त्यामुळे एकाच वेळी दोन ठिकाणी दोन गोष्टी घडल्या. बाजारात एका पोलीसबाईंनी मोटारीची नंबरप्लेट लावून भरधाव जाणारी सायकल अडवली. आणि चौकात शिट्टीवाल्याने मला अडवलं, मागे गेला, वाकला, आणि या वेळी फुलापानांच्या मागे त्याला काहीच दिसलं नाही, कारण काही नव्हतंच. त्याच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. प्लेट कुठे आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, यांनी नेली. हे कुठे आहेत? सायकलवर. मग फोन लावा. मी लावला, आणि तो गाडीतल्याच खणात वाजू लागला. तिकडे तुमचे साडू बाईंना सांगत होते, की या प्लेटची गाडी मागून येतेच आहे, आणि दोघं मिळून रस्त्याकडे बघत उभे होते. गाडी येणार कुठून?

शेवटी दोन्हीकडून चौकीत वरात गेली. माझं लायसन्स साहेबांच्या खणात गेलं, खण बंद झाला, आणि मी समोरची खुर्ची सोडून त्या खणाकडेच बघत उभी राहिले. साहेबांपुढे एका बाजूला गाडी नसलेली प्लेट आली आणि दुसऱ्या बाजूला प्लेट नसलेली गाडी. तुमच्या साडूंनी साहेबांकडे कागद मागितला आणि पोलिसाच्या डोळ्याचा ठिपका काढला. मी त्यांच्या पायावर पाय दिला. ते थांबले नाहीत. साहेबांनी रेघा पूर्ण होऊ दिल्या, मग उठून बाहेर आले, आणि तुमचा रॅक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. रॅक हलला नाही, गाडी हलली. साहेब बराच वेळ तिकडे तोंड करून उभे राहिले. खांद्यांवरून मला कळलं की ते हसत आहेत.

आत येऊन त्यांनी कागदपत्रं पाहिली, प्लेटवरचा नंबर जुळवला, आणि शिट्टीवाल्याला विचारलं की प्लेटचं सोड, बाई चालवतात कशा? भावोजी, माझ्या ड्रायव्हिंगबद्दल आजवर ज्यांना ज्यांना विचारलं गेलं, त्यांच्यातलं कोणीही चांगलं बोललेलं नाही. शिट्टीवाल्याने शिट्टी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "चालवतात चांगलं, साहेब. सिग्नल पाळतात, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभ्या राहतात. म्हणून तर दर वेळी सापडतात." साहेबांनी खण उघडला आणि लायसन्स माझ्या हातात ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच रडले. पोलीसबाईंनी मला पाणी दिलं आणि तुमच्या साडूंनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाकांकडे गेले. गाडी लावताना मागे कुंडी होती. ती अजून उभी आहे.

साहेबांनी एक लहानशी अट घातली, तिच्याबद्दल खाली लिहिते. खांद्याची काळजी घ्या. ताईला सांगा की मी बरी आहे आणि आता जेवते आहे.

तुमची
धाकटी

ता. क. : अट अशी, की रॅक त्याच दिवशी निघाला पाहिजे. तो कापावा लागला. चौकीशेजारच्या वेल्डिंगवाल्याने गॅस-कटर घेतला आणि संध्याकाळपर्यंत घाम गाळला. तुमच्या जोडाकामाबद्दल तो जे बोलला त्यातलं निम्मं कौतुक होतं, उरलेलं इथं लिहिता येत नाही. रॅक आम्ही टाकून दिलेला नाही. चौकीच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे आणि शिपाई त्याला सायकली लावतात. फूल लांबूनही छान दिसतं. तुमच्या साडूंनी आता बाजारातून पट्ट्यांचा रॅक आणला आहे, प्लेट तिच्या जागी आहे.

ता. क. दुसरा : आता खरं काय ते लिहिते. रॅकची एवढी स्तुती मी ताईच्या सांगण्यावरून केली. ती म्हणाली, रॅकबद्दल चांगलं लिही, तरच ते शेवटपर्यंत वाचतील, नाहीतर पत्र माझ्या हातात देऊन थोडक्यात सांग म्हणतील. भावोजी, ताईला गाडी शिकायची आहे. इतकी वर्षं ती तुमच्या शेजारी बसते आणि तुमच्या आधी तिचा पाय ब्रेक दाबतो, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? चौकीतली सगळी हकिगत मी तिला फोनवर सांगितली. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "मलाही एकदा कुणीतरी शिट्टी मारून थांबवावं गं. लायसन्स दाखवा म्हणावं." तुम्हाला विचारायचा तिला धीर होत नाही, कारण तुम्ही नाही म्हणणार नाही पण हसाल, असं तिला वाटतं. आमच्यासाठी नवा रॅक करायला येता रविवार ठेवला असेल, तर तो रॅकला देऊ नका. तिला मोकळ्या मैदानावर न्या आणि तुम्ही तिच्या जागी बसा. आत्ता ती तुमच्यासमोरच कुठंतरी कपड्यांच्या घड्या करत बसली असेल आणि यातलं आपल्याला काहीच माहीत नाही असा चेहरा केला असेल. तिला काही विचारू नका. फक्त किल्ली द्या.