बाबा आणि खालून दुसरा संघ

१६ ऑगस्ट, शनि.
बाबांना हॉस्पिटलमधून आणून आठवडा झाला. चालतात, सगळं समजतं, पण शब्द फुटत नाही. दोन महिन्यांसाठी सासरे आमच्याकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला आले काय आणि हा स्ट्रोक काय. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, त्यांच्या आवडीचं काहीतरी रोज लावा. निखिल म्हणाला, "फुटबॉल. कोल्हापूरला पेठेच्या संघात गोलकीपर होते." सकाळी इंग्लंडची लीग लावली. मला नागपूरकरणीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाबांनी बोटाने एक संघ दाखवला, यंदाच वरच्या लीगमध्ये आलेला. हरले, ०-३. बाबा शेवटपर्यंत बसून.

२० सप्टें., शनि.
त्या संघाच्या स्ट्रायकरने पेनल्टी बाहेर मारली आणि बाबांच्या तोंडून खणखणीत कोल्हापुरी शिवी! स्ट्रोकनंतरचा पहिला शब्द. इथे लिहिणार नाही. निखिल जिन्यावरून धावत आला, "काय म्हणाले?" मला सांगवेना. हसता हसता रडले. थेरपिस्टला मेसेज केला. म्हणे, शिव्या बऱ्याचदा आधी येतात, गुड साइन.

८ नोव्हें., शनि.
आतापर्यंतचे शब्द: गोल. कॉर्नर. पाणी. नको. माझं नाव अजून नाही, "ए, ए" करतात. व्हिसा वाढवायचा अर्ज गेला.
नवा व्यायाम: टीव्ही म्यूट, कॉमेंटरी बाबांनी करायची. घाम फुटतो त्यांना. अर्ध्या तासात सहा शब्द. त्यांच्या जागी मी असते तर रिमोट फेकला असता यार. संघ गुणतक्त्यात खालून दुसरा. म्हाताऱ्या कीपरने काय काय अडवलं, तरी हरले. बाबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

१७ जाने., शनि.
बर्फ. कालची थेरपी कॅन्सल झाली होती. बाबांनी मला हॉलमध्ये उभं केलं, गुडघे वाकवायला लावले, बोटं पसरायला लावली. "बॉल... नाही. पाय... बघ." म्हणजे मारणाऱ्याचे पाय बघायचे. चार शब्द, लागोपाठ! आणि १-० जिंकलो. हो, 'जिंकलो' लिहिलं मी.

१४ मार्च, शनि.
बाबा चिडले आज. निखिल त्यांची वाक्यं पूर्ण करून टाकतो. टेबलावर हात आपटला, "थांब! मी... बोलणार." निखिलचा चेहरा पडला. मग म्हणाला, "सॉरी बाबा." घाई आम्हालाच असते.

१० मे, रवि.
हरले. खालच्या लीगमध्ये गेले, नक्की. एक मॅच उरलीय, तिला अर्थ नाही. बाबा संध्याकाळी फिरायला एकटेच गेले, तळ्याला दोन फेऱ्या.

२४ मे, रवि.
निखिल म्हणाला, "बाबा, आता काय बघायचं? निकाल लागलाय ना."
"मॅच... आहे."
पूर्ण बघितली. २-२. खाली गेलेला संघ असा धावतो? शिट्टी झाली तरी त्यांचे लोक उभे राहून गात होते. मला हुंदका आला, एका इंग्लिश संघासाठी!
टीव्ही बंद करून बाबा म्हणाले, "अश्विनी. तिकीट. कोल्हापूर."
माझं नाव. पहिल्यांदा.
निखिल: "एकटे कसे राहाल? काही झालं तर फोनवर कुणाला काय सांगाल?"
"सांगेन... हळू."
"डॉक्टरांना विचारू आधी."
"विचार. मी... बॅग भरतो."
वर गेले. निखिल अजून सोफ्यावर बसलाय. मला दोघांचंही पटतंय. वर कपाट उघडल्याचा आवाज आला.