बैलाला मारता ती हाक

मस्कत

तीर्थरूप नाना यांस,
हर्षलाचा नमस्कार. फोनवर घेत नाही, निदान कागदावर घ्या.

मी बरी आहे. आम्ही तिघी नर्स एका खोलीत राहतो, भात-मासळी रांधतो. मध्ये ताप आला होता, सलाईन लावलं, आता उतरलाय. आईला सांगू नका. पण तुम्ही कुठे कुणाला काही सांगता!

मी तुमचं न ऐकता विमानात बसले आणि त्याच दिवशी तुम्ही मौन धरलंत. कळंबमध्ये लोक तुमच्या पाया पडतात म्हणे. फोन केला की तुम्ही पाटीवर लिहिलेलं आई वाचून दाखवते. वाणी चार: परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. जिभेवरची वैखरी सगळ्यांत खालची, आणि खरी वाणी परा, ती बेंबीपाशी, तिला शब्द लागत नाहीत. मग तापात मी न बोलता तुम्हाला हाका मारत होते, त्या पोचल्या का? त्या दिवशी तुमच्या पाटीवर एवढंच होतं, की वाल पेरले.

आईचा गुडघा कसा आहे? पाटी वाचायला तिला चष्मा तरी करून द्या.

काल ती सहज बोलून गेली, "कुनाशी बोलत नाय गं, पन मोऱ्या बैल बांधावर चढला की वरडतात ना!"

नाना, रविवारी फोन करीन. आईला तो तुमच्या कानाला लावू द्या. आशीर्वाद नको, उपदेशही नको. मी बांधावर चढलेय असं समजा आणि एकदा ओरडा.

तुमची,
हर्षला